नेटवर्क मार्केटिंग कायदेशीर असतं का?

जळगाव-धुळ्यात बऱ्याच वर्षांनी एखादा मित्र फोन करून ‘बिझनेस प्लॅन’ समजावू लागला, की एवढंच विचारा: पैसे माल विकून मिळतात की माणसं जोडून?

डिसेंबर 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार माल विकून कमिशन मिळवणं वैध आहे. माणसं जोडण्याचे पैसे देणारी पिरॅमिड योजना बेकायदा. सभासद होण्यासाठी नोंदणी फी किंवा डेमो किटचे पैसेही मागता येत नाहीत.

का? हिशोब करून बघा. प्रत्येकाने सहा जण जोडले, तर नवव्या फेरीत एक कोटीहून जास्त नवी माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या होती सुमारे 63 लाख, तीही तान्ह्या बाळांसकट! पैसे बुडतात ते शेवटी आलेल्यांचे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915.