टेक्सास होल्डेम : सुरुवातीची दोन पाने कशी निवडावीत?

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला आधी दोन पाने मिळतात. नंतर सर्वांसाठी सामाईक पाच पाने मांडतात आणि या सातांपैकी उत्तम पाच पाने धरतात. दोन पाने पाहून डाव खेळायचा की सोडायचा, हा तुमचा पहिला निर्णय. तो संभाव्यतेच्या आधारे कसा घ्यावा, ते या पाठात पाहू.

५२ पानांतून दोन पाने ५२ × ५१ ÷ २ = १,३२६ प्रकारे निवडता येतात. दोन एक्के त्यांपैकी फक्त ६ प्रकारे मिळतात, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. कोणतीही जोडी १७ डावांत एकदा येते. म्हणून बहुतेक डाव सोडून देणे हेच सामान्य आहे.

तीन चुका टाळा :

१. एकाच चिन्हाची पाने. दोन्ही पाने बदामाची दिसली की मोह होतो. पण पहिल्या तीन सामाईक पानांत तिन्ही बदाम येण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे.

२. एक्का आणि लहान पान. तुमच्याकडे एक्का-सत्ती, समोर एक्का-राजा असे समजा. एक्का आला तर जोडी दोघांची होते, पण वरचढ राजा त्याच्याकडे असतो. पान लागूनही तुम्ही बहुधा हरता.

३. जागेचा विसर. दश्शी किंवा वरची जोडी, अथवा एक्का-राजा, असे ४६ प्रकार आहेत (५ × ६ + १६). एका खेळाडूकडे ते असण्याची शक्यता सुमारे ३.५ टक्के. तुमच्यामागे आठ जण बोलायचे असतील, तर कोणाकडे तरी ते असण्याची शक्यता सुमारे २५ टक्के होते. दोघेच उरले असतील तर सुमारे ७ टक्के. म्हणून आधी बोलताना निवड कडक ठेवा.

योग्य निवड म्हणजे विजयाची हमी नव्हे. कोणत्याही दोन पानांविरुद्ध दोन एक्केसुद्धा शंभरांत सुमारे १५ वेळा हरतात. निर्णयाची पारख एका डावाच्या निकालावरून करू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे. हा पाठ गणिताचा अभ्यास म्हणूनच वाचा.

स्वाध्याय : एक्का-राजा एकाच चिन्हाचे मिळण्याची संभाव्यता काढा.