चकाकी उतरवताना

सकाळचे साडेआठ. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं शटर वर करायच्या आधीच पावसानं सुरुवात केलेली. आषाढात सीट साफ करायला माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुतेक एकच असतं. आजच्या गाडीचं दार उघडलं आणि ते नाकालाच आधी कळलं. ओल्या गोणपाटाचा वास. लेदर सीटवर पांढरे ठिपके, आणि शिलाईच्या रेषेत तर रांगोळी सांडल्यासारखी बुरशी.

अशा वेळी कोरड्या फडक्यानं झटकायचं नाही. बुरशीची भुकटी उडून छतापासून एसीच्या जाळीपर्यंत जाते. मी मास्क लावला, चारी दारं उघडली, व्हॅक्यूमनं वरवरची बुरशी ओढून घेतली. मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला जेमतेम ओल येईल इतकंच घेतलं. पहिला हात सीटच्या मागे, खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी. कापडावर रंग उतरला नाही, तेव्हाच पुढं गेले. पायाखालचं मॅट उचललं तर खालचा गालिचा पिळून काढावा इतका ओला. ओली छत्री तिथंच टाकून गाडी पंधरा दिवस बंद ठेवलेली. नुसती सीट पुसून परत दिली असती, तर आठवड्यात बुरशी पुन्हा आली असती.

साडेनऊला गाडीचे मालक आले. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे काका. "बाळ, मी काळजी घेत होतो गं. दर महिन्याला खोबरेल लावायचो, चपलेला लावतो तसं."

याचा मला कधी राग येत नाही, कारण ही समजूत आमच्याच घरातली. आमचे आप्पा चप्पल लाइनीतल्या दुकानांना कोल्हापुरी बनवून द्यायचे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं तेल पितं, आणि तेलावरच मऊ राहतं. गाडीच्या सीटचं कातडं बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं, त्यावर रंग, रंगावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. तिथं तेलाला आत वाट नाही. ते वरच बसतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाणं मिळतं. आप्पांच्या वेळचा कोऱ्या कातड्याचा एक तुकडा मी जपून ठेवलाय. त्यावर पाण्याचा थेंब सोडला. कडेनं काळपट होत तो मुरून गेला. सीटवरचा थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला. काका चष्मा वर सारून बघत बसले.

दहा ते दीड हा माझ्या दिवसातला सगळ्यात आवडीचा वेळ. क्लीनर सीटवर फवारायचा नाही, मऊ केसांच्या ब्रशवर घ्यायचा. ही सीट बारीक छिद्रांची, खाली हवा खेळवणारे पंखे. छिद्रांतून पाणी उतरलं तर नवंच दुखणं. म्हणून वीतभर जागा, गोल हात, हलका दाब. पांढरा फेस बघता बघता चहाच्या रंगाचा होतो. तो वाळायच्या आत मायक्रोफायबरनं उचलायचा. ड्रायव्हरच्या दाराकडच्या उंचवट्यावर चार वेळा फेस काढला, तेव्हा कुठं कातड्याचा पोत दिसला, तळहातावरच्या रेषांसारखा. डोकं टेकायच्या जागी केसांच्या तेलाचा थर, बैठकीवर जीन्सची निळाई. निळाई पूर्ण गेली नाही. जोरानं घासलं असतं तर वरचा थरच गेला असता, म्हणून तिथं थांबले.

"अगं, चकाकी गेली की!" काका म्हणाले.

हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. मी त्यांना मागच्या सीटची, कुणाचं अंग कधी न लागलेली बाजू दाखवली. अशा सीटा कारखान्यातून मंदच येतात. चकाकत होता तो घाम, तेल आणि मळ. लोक पैसे मोजून वरून आणखी चकाकी लावून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेवण दहा मिनिटांत.

तीन वाजता दुसरी गाडी. बाजूच्या उंचवट्यावर चिरा. फिलर, बारीक पॉलिश पेपर, मग रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसं वाळवण. पावसात वाळायला फार वेळ जातो. या मालकांना वरून जाड कव्हरही घालून हवं होतं. मी नाही म्हटलं. सीटच्या कडेला एअरबॅग आहे. ती फुगताना ठरावीक शिलाई उसवून बाहेर येते. वाट अडली तर वेळेवर उघडणार नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पाचला एक फोन. "लेदरला कंडिशनर लावायचंय." त्यांनी पाठवलेल्या फोटोत फाटलेल्या कडेच्या मागं विणलेलं कापड दिसत होतं. अस्सल कातड्याची मागची बाजू तंतुमय, लवदार असते. हे रेक्झिन. कंडिशनर नको, ओल्या कापडानं पुसा, असं सांगितलं.

सहाला काकांची गाडी. आठवड्याला घट्ट पिळलेल्या कापडानं पुसायचं. कपड्यांचा साबण लावायचा नाही. कातडं आम्लधर्मी असतं, साबण त्याच्या उलट. उन्हात तापवून वाळवायचं नाही, सावलीत दारं उघडून पंखा लावायचा. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग सीटवरून तळहात फिरवला, तो नाकाशी नेला आणि मान डोलावली.

बाहेर पुन्हा सर आली. आत बसता बसता ते थबकले. "ही छत्री कुठं ठेवू गं?"

मी डिकीतली प्लास्टिकची बादली दाखवली.