परळचा बॅरिस्टर

1928 सालचा सप्टेंबर. त्या महिन्यातला डॉ. आंबेडकरांचा एखादा कामाचा दिवस धरू.

सकाळी 6. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक 1चा दुसरा मजला, खोली 50 आणि 51. एरवी या वेळी भोंग्यांनी अख्खं लालबाग-परळ उठवलं असतं. पण एप्रिलपासून गिरण्यांचा संप चाललाय, भोंगे गप्प आहेत. दोन खोल्यांत रमाबाई, यशवंत, वडीलभावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि उरलेल्या जागेत पुस्तकं. बॅरिस्टर म्हणजे मलबार हिलचा बंगला, हा त्या काळचा हिशेब इथे चुकत होता. अडचणीत वाचायची सवय मात्र जुनी. शाळेत असताना डबक चाळीतल्या एकाच खोलीत सगळा संसार, त्यातच जातं आणि बकरी. वडील मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे.

11. फोर्टात हायकोर्ट. ग्रेज इनची बॅरिस्टरी 1922ची, वकिली 1923पासून; सनदेच्या पैशांसाठी मित्र नवल भथेना धावून आले होते. मोठी कामं सॉलिसिटरांच्या हातून यायची आणि महार बॅरिस्टरला ती देणार कोण? म्हणून अपिलं आणि जिल्हा कोर्टांतल्या केसेस. तरी 1926 साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांना सोडवून आणल्यावर बहुजन समाजात नाव झालंच.

दुपारनंतर गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. जूनपासून इथे प्राध्यापकी आहे. एकही भारतीय सभासद नाही म्हणून देशानं बहिष्कारलेल्या सायमन कमिशनशी सहकार्य करणाऱ्या प्रांतिक समितीवर ऑगस्टमध्ये नेमणूक झाली आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला. ज्याला जन्मभर समाजानं बहिष्कृत ठेवलं त्याच्यावर आता देशभक्त पोरांचाही बहिष्कार; याला काय म्हणावं!

संध्याकाळी 6. परळला परत, दामोदर हॉलमध्ये. कामगार पुढारी ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. पुढे नाटकवाल्यांनी गाजवलेलं ‘दामोदर’ ते हेच. बॅरिस्टरसाहेबांची कचेरी इथे. खरा दिवस इथे सुरू होतो असं मला वाटतं. अस्पृश्यांसाठी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्मही इथलाच, 1924चा. आणि यंदा कानावर येतो तो संपच. कामगारांच्या मागण्यांची यादी झाली, पण अस्पृश्यांना विणाईखात्यात शिरकाव नाही, हे त्या यादीत कुठे होतं? तिथे पगार बरा, अडसर एवढासा. धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या ओठाला लागलेला दोरा सवर्ण कामगाराला चालायचा नाही. मालकांशी एकजुटीनं भांडायचं आणि साच्यावर मात्र विटाळ पाळायचा. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं की हा अन्याय मागण्यांत घेतला नाही तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू. संपात फूट पाडली असा आरोप त्यांच्यावर होतो, पण फूट आधीच धाग्याधाग्यात होती.

गिरणीकामगारांचा विषय इथेच संपत नव्हता. मुंबई कायदेमंडळात ते 1927पासून सरकारनियुक्त सभासद. याच जुलैत बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलले, गिरणीतल्या बायकांच्या बाजूनं.

रात्री 10. आता लिखाण. ‘बहिष्कृत भारत’ हे त्यांचं पाक्षिक. पगारी संपादक ठेवायला पैसा नाही, तेव्हा अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्यानं भरायचे. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह, मनुस्मृतीचं दहन, टीकाकारांना उत्तरं, सगळं याच अंकांत. वर्गणीदार थोडे आणि त्यातलेही थकवणारे; संपादकाला पदरमोडच.

सायमन कमिशनसाठीचं निवेदनही तयार झालं होतं: 29 मे 1928, खाली पत्ता दामोदर हॉल, परळ. मागणी प्रौढ मताधिकाराची आणि राखीव जागांची. 23 ऑक्टोबरला पुण्यात त्यावर साक्ष द्यायची आहे. उलटतपासणी घेणारे बरेचसे विलायतेचे वकीलच असणार, आणि ती भाषा यांना चांगली येते.