परक्या अंगणातील आकाशकंदील

दीपावली हा जसा लक्ष्मीपूजनाचा सण आहे, तसाच तो घरी परतण्याचाही सण आहे. उदरनिर्वाहासाठी दूरदेशी गेलेली मुले या दिवसांत घराची वाट धरतात आणि वृद्ध माता वसुबारसेपासूनच दाराकडे कान लावून बसलेली असते. आकाशदीप उंच टांगावा, अमावास्येस उल्का दाखवावी, म्हणजे पितरांना आपली वाट दिसते, अशी आपली परंपरा सांगते. गेलेल्यांचीही वाट उजळणारा हा धर्म! मग जिवंतपणीच ज्यांची घरची वाट कायमची बंद झाली, त्यांच्यासाठी दीप कोणी लावावा? हा प्रश्न मनात उभा राहिला की मला जर्मनीतील म्युनिक नगरीत आयुष्य घालविलेल्या एका कोरियन गृहस्थांचे चरित्र आठवते. त्यांचे नाव मिरोक ली.

नावातील मैत्रेय

मिरोक हा शब्द ऐकताना परका वाटतो, पण तो आपल्याच घरचा आहे. संस्कृतातील ‘मैत्रेय’ बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे कोरियात गेला आणि तेथे ‘मिरुक’ अथवा ‘मिरोक’ झाला. मुलींच्या पाठीवर पुत्र व्हावा म्हणून मातेने मैत्रेयाच्या मूर्तीला साकडे घातले आणि १८९९ साली हेजू या गावी पुत्र झाला, म्हणून घरातले हे लाडके नाव. पाळण्यातील नाव पुढे ग्रंथकाराचे नाव झाले.

मैत्रेय म्हटले की भागवताच्या श्रोत्यांना विदुर आठवावाच. दुर्योधनाने भरसभेत अपमान केला, तेव्हा विदुराने धनुष्य दाराशी ठेवले आणि तो तीर्थाटनास निघाला. हिंडता हिंडता गंगाद्वारी त्याला मैत्रेय ऋषी भेटले आणि त्याच्या शिणलेल्या मनाला विसावा मिळाला. मिरोक ली यांच्या जीवनात मात्र नवल असे की, घर सोडणारा विदुरही तेच आणि दुसऱ्याला विसावा देणारा मैत्रेयही तेच.

पत्रकांपायी वनवास

बालपणी त्यांनी वडिलांपाशी बसून, आपल्याकडील पाठशाळेच्या रीतीने, चिनी अभिजात ग्रंथांचे अध्ययन केले. पुढे ते सेऊल येथे वैद्यक शिकू लागले. १९१० पासून कोरिया जपानच्या सत्तेखाली होता. १ मार्च १९१९ रोजी स्वातंत्र्याचा घोष करीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा हा विद्यार्थीही पत्रके वाटण्याच्या कामात होता. पकडापकडी सुरू झाली. अशा वेळी पुत्राला पदराखाली लपविणारी माता आपण समजू शकतो. पण या मातेने स्वतःच त्याला देश सोडण्यास सांगितले आणि वाटेवर काही अंतर सोबत करून निरोप दिला. यालू नदी ओलांडून, शांघायमार्गे समुद्रप्रवास करून ते १९२० साली जर्मनीत पोहोचले. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही.

जर्मनीतील त्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथेच्या शेवटी सांगितला आहे. टपाल कचेरीतून परतताना एका अनोळखी घराच्या बागेत त्यांना एक झुडूप दिसले. आपल्या रसभरीच्याच कुळातले, पण फळाभोवतीचे कागदासारखे कवच तांबडे लाल. जणू उन्हात पेटलेला इवलासा कंदील! जर्मन लोकही त्याला कंदिलाचेच नाव देतात. लहानपणी हीच फळे ते घरी खेळले होते. पाय तेथेच खिळले. घरातून एक बाई बाहेर आल्या, त्यांनी विचारपूस केली आणि त्या झुडपाची एक डहाळी तोडून या परक्या तरुणाच्या हाती दिली. पुढे बर्फ पडले आणि घरून पहिले पत्र आले. ते थोरल्या बहिणीचे होते. शरद ऋतूत थोड्या दिवसांच्या आजाराने आई निवर्तली होती.

वाचकहो, ती बाई कोण होती, कोणालाच ठाऊक नाही. पण ज्याच्या घरी दीप लावणारी माता उरली नाही, त्याच्या हाती परमेश्वराने तिच्याकरवी आधीच एक कंदील देऊन ठेवला होता, असेच माझे मन म्हणते.

साधूंच्या नावाचे नगर

व्युर्त्सबुर्ग व हायडेलबर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते म्युनिकला आले आणि १९२८ साली प्राणिशास्त्रात डॉक्टर झाले. इझार नदीकाठचे हे नगर ११५८ पासून इतिहासाला ठाऊक आहे. त्याचे नावच मुळी साधूंवरून, मठवासीयांवरून पडले आहे. नगराच्या मध्यभागी माता मेरीचा स्तंभ आहे. शत्रूच्या ताब्यात जाऊनही नगर विध्वंसातून वाचले, त्या कृतज्ञतेने तो १६३८ साली उभारला. जवळच तिचे भव्य प्रार्थनामंदिर असून त्याचे घुमटधारी जुळे मनोरे सुमारे ९९ मीटर उंच आहेत. दुरून येणाऱ्या वारकऱ्याला कळस दिसावा, तसे ते दिसतात. नव्या नगरगृहाच्या मनोऱ्यात १९०८ पासून ४३ घंटांचे वाद्य वाजते आणि ३२ बाहुल्या फेर धरतात. १७८९ साली घातलेल्या विस्तीर्ण उद्यानात चिनी धाटणीचा लाकडी मनोराही आहे. १९४४ च्या युद्धात तो जळाला आणि १९५२ साली पुन्हा उभा राहिला. पूर्वेकडून आलेल्या एकाकी माणसाला त्या नगरीत पूर्वेची एवढीच खूण!

हा लेखक म्युनिकला गेलेला नाही. हे सारे वाचून सांगतो आहे. परंतु क्षेत्रात जन्म काढल्यामुळे एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. कळस पाहून यात्रेकरू सुखावतो खरा, पण गाव आपले वाटते ते कोणी ओसरीवर बोलावून पाण्याचा तांब्या पुढे केला म्हणजे. मिरोक यांना तशी ओसरी म्युनिकलगतच्या ग्रेफेल्फिंग गावी मिळाली. कलेतिहासाचे अभ्यासक आल्फ्रेड सायलर यांच्या कुटुंबात ते घरच्यासारखे राहिले.

दुसरे पत्रक

त्याच गावी म्युनिक विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर राहत. लोकगीते गोळा करणारा हा संगीतज्ञ मिरोक यांचा मित्र झाला. हिटलरच्या राजवटीत ‘श्वेत गुलाब’ या विद्यार्थिमंडळाने अन्यायाविरुद्ध गुप्तपणे पत्रके काढली. त्यांतील सहावे हूबर यांनी लिहिले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स आणि सोफी शोल ही भावंडे विद्यापीठात ती वाटताना पकडली गेली आणि चार दिवसांत त्यांचा शिरच्छेद झाला. १३ जुलै रोजी हूबरही गेले.

पत्रकांपायी देश गमावलेल्या माणसाने परदेशात पत्रकापायीच मित्र गमावला! त्या काळात अशा घराची पायरी चढणेही धोक्याचे होते. तरीही मिरोक यांनी हूबर कुटुंबाचा स्नेह सोडला नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांत योगसूत्रकारांनी मैत्रीला पहिले स्थान दिले आहे. मातेने मागून घेतलेले नाव पुत्राने असे खरे केले. आज विद्यापीठापुढील फरसबंदीत त्या पत्रकांच्या प्रतिकृती बसविल्या आहेत. जाणाऱ्याला प्रथम वाटते, कोणाच्या हातून कागद सांडले.

आधी ग्रंथ, मग अस्थी

१९४६ साली त्यांची आत्मकथा जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ ‘यालू वाहते आहे’. उद्ध्वस्त म्युनिकमधील वाचकांनी एका पौर्वात्याचे बालपण प्रेमाने वाचले. पुढे विद्यापीठात त्यांनी पूर्वेकडील भाषा शिकविल्या आणि २० मार्च १९५० रोजी देह ठेवला. ग्रेफेल्फिंगच्या भूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

पाच वर्षांनी, १९५५ च्या शरदात, जॉन हे-रिन ही कोरियन विद्यार्थिनी म्युनिकला आली. श्वाबिंग या भागात संध्याकाळी सायकलवरून येऊन लांब काठीने रस्त्यावरील वायुदीप एकेक करून पेटविणारा माणूस तिने पाहिला आणि आपल्या लेखांत अजरामर केला. तिनेच मिरोक यांचा ग्रंथ कोरियन भाषेत आणला. १९५९ साली तो प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्याआधी त्याचा ग्रंथ घरी पोहोचला.

अस्थींना मात्र पुष्कळ थांबावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या मायदेशी नेऊन दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या. जन्मगाव हेजू उत्तर कोरियात असल्यामुळे आईच्या दारापर्यंतची वाट अद्यापि बंदच आहे.

बव्हेरियातही नोव्हेंबरच्या आरंभी, बहुधा आपल्या दिवाळीच्याच सुमारास, लोक मृतांच्या समाधीवर दिवे लावतात. देश निराळे, देव निराळे, पण गेलेल्याला वाट दिसावी ही तळमळ एकच. या दीपावलीत आपल्या गावात, आपल्या आळीत, घरापासून दूर पडलेला कोणी परका असेलच. त्याच्या भाषेची ओळख नसेल, तर नसो. फराळाचे एक ताट आणि एक पणती त्याच्या दारी पोहोचू द्या. डहाळी देणाऱ्या त्या बाईंनी तरी याहून अधिक काय केले होते?