सुदृश्य सुरक्षा जाकीट

सुदृश्य सुरक्षा जाकीट : वाहने, रेल्वेगाड्या, उचलयंत्रे इत्यादींच्या आसपास काम करणारा माणूस चालकास दुरून व वेळेवर दिसावा, यासाठी नेहमीच्या कपड्यांवरून घालावयाचे बहुधा बिनबाह्यांचे वस्त्र. भडक पिवळ्या-हिरव्या, नारिंगी-तांबड्या किंवा तांबड्या रंगाचे अनुस्फुरक कापड आणि त्यावर शिवलेल्या वा चिकटविलेल्या रुपेरी परावर्तक पट्ट्या हे त्याचे दोन मुख्य घटक होत. शिरस्त्राण किंवा सुरक्षा बूट आघात काही अंशी स्वतः झेलतात; जाकीट मात्र कोणताही आघात झेलत नाही. ‘येथे माणूस आहे’ एवढीच सूचना ते दुसऱ्याला देते. म्हणून त्याची निवड करताना कोणी, कोठून व कोणत्या प्रकाशात पहावयाचे आहे, हा प्रश्न प्रथम येतो. किंमत व रंगाची आवड त्यानंतर.

अमेरिकेत रॉबर्ट व जोसेफ स्विट्झर या बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात दिवसाच्या प्रकाशात उजळ दिसणारे अनुस्फुरक रंग विकसित केले. दुसऱ्या महायुद्धात असे रंग दिलेली कापडे विमानांना खुणा करण्यासाठी वापरली गेली. कामगारांच्या पोशाखात त्यांचा पद्धतशीर वापर ब्रिटनमधील रेल्वेत झाला. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने ग्लासगो येथील विद्युतीकरण झालेल्या मार्गावर काम करणाऱ्यांना नारिंगी जाकिटे देऊन प्रयोग केला. विजेवरील गाड्या वाफेच्या गाड्यांपेक्षा वेगवान व कमी आवाजाच्या असल्याने रुळांवरील माणूस चालकाला लवकर दिसणे आवश्यक झाले होते. पुढे यूरोपात १९९४ मध्ये ईएन ४७१ व त्याच्या जागी २०१३ मध्ये आयएसओ २०४७१ ही मानके आली. भारतीय मानक ब्यूरोचे या वस्त्रांविषयीचे मानक आयएस १५८०९ हे आहे.

अनुस्फुरक रंगद्रव्य जंबुपार व निळा प्रकाश शोषून घेते आणि त्याची ऊर्जा पिवळ्या-हिरव्या किंवा नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे त्या रंगाचा जेवढा प्रकाश कापडावर पडतो, त्याहून अधिक त्यावरून बाहेर पडतो व कापड जणू आतून पेटल्यासारखे दिसते. पहाटे व सायंकाळी आकाशातून येणाऱ्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. त्यामुळे इतर रंग मंदावत असतानाही हा परिणाम टिकून राहतो. रात्री मात्र शोषण्यासारखे किरण फारसे नसल्याने तो नाहीसा होतो. सोडियम बाष्पदिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात निळा भाग अत्यल्प असतो. त्याखाली सर्वांत भडक जाकीटही मळक्या सदऱ्यासारखे दिसते.

रात्रीचे काम पट्ट्यांचे आहे. पट्टीवर काचेचे अतिसूक्ष्म मणी बसविलेले असून त्यांच्या मागील बाजूस ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. मण्यात शिरलेला किरण मागच्या थरावरून परतून आला त्याच दिशेने बाहेर पडतो. आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो, पट्टी तो दिव्याकडेच परत पाठविते. चालकाचे डोळे दिव्यापासून जवळ असल्याने त्याला ती लख्ख दिसते. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी घनाच्या कोपऱ्यासारखे सूक्ष्म लोलक असतात. उघड्या मण्यांवर पाण्याचा थर साचला की प्रकाशाचे वक्रीभवन बदलते व परावर्तन घटते. पावसाळी कामासाठी पट्टी घेताना ओल्या स्थितीतील चाचणीचा निष्कर्ष विचारणे यासाठी आवश्यक असते. ज्याच्या वाहनाला दिवाच नाही त्याला पट्टीचा काही उपयोग नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बैलगाडीवाल्याच्या किंवा बिनदिव्याच्या सायकलस्वाराच्या दृष्टीने रात्री असा कामगार अदृश्यच असतो.

ताशी ६० किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सु. १७ मी. अंतर कापते. धोका लक्षात येऊन पाय गतिरोधकावर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर वाहन २५ मी. पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सु. २५ मी. लागतात. खाली झुकविलेल्या दिव्यांच्या प्रकाशात गडद कपड्यांतील माणूस बहुधा याच सुमारास दिसू लागतो, म्हणजे चालकाच्या हाती काहीच उरत नाही. चांगली पट्टी याच्या कितीतरी पट अंतरावरून चमकते. परंतु चमकणारी वस्तू माणूस आहे हेही कळले पाहिजे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, अंधारात चालणाऱ्या माणसाच्या केवळ सांध्यांवरील ठिपके दिसले तरी पाहणारा ‘माणूस चालतो आहे’ हे क्षणात ओळखतो. छातीवरील स्थिर पट्टी मैलाच्या दगडाचीही असू शकते. मनगट व घोटा यांजवळची हलणारी पट्टी माणसाचीच असते.

कामगारवस्ती मोठी असलेल्या इचलकरंजीसारख्या (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) गावात निवडीचे सर्व प्रश्न एकत्र भेटतात. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यानंतर वाढलेल्या या वस्त्रोद्योगनगरीत माग रात्रपाळीतही चालतात, सायझिंगमधून बीमे टेंपोने कारखान्यांकडे जातात, सुताची पोती व कापडाचे तागे मालमोटारींत चढविले-उतरविले जातात, उसाच्या हंगामात जोड-ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर परिसरातील रस्ते व्यापतात आणि उजाडण्यापूर्वी सफाई कामगार रस्त्यावर आलेले असतात. २०२२ मध्ये येथील नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. अशा शहरात सर्वांना एकाच नमुन्याचे जाकीट देणे सोयीचे वाटते. पण ते बरोबर नाही.

मागाच्या कारखान्यात तर हे जाकीट घालूच नये. तेथील धोका न दिसणाऱ्या माणसाचा नसून फिरणाऱ्या पट्ट्याचा, दंतचक्रांचा व उडणाऱ्या धोट्याचा आहे. सैल जाकिटाची कड किंवा सुटलेला बंद पट्ट्यात सापडला की माणूस त्याच्यामागे ओढला जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात, चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत व ते कारखानदाराने पुरवावेत, अशी तरतूद करण्यात आली, ती याच कारणासाठी. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. जॉबर व कांडीवाला आवारात मालमोटारीजवळ गेले, तर तेथे जाकीट चढवावे व मागाकडे परतताना काढून ठेवावे. ज्यांना दोन्हीकडे सतत ये-जा करावी लागते त्यांच्यासाठी झटका बसताच खांद्यावर व कुशीत सुटणारी, चिकटबंदांची जाकिटे मिळतात. तरीही ती यंत्राच्या संरक्षक जाळीची जागा घेऊ शकत नाहीत. कापड जाळावरून नेऊन त्यावरील तंतू जाळण्याच्या विभागात व झाळकामाजवळ साधे पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. तेथे ज्वालारोधी कापडच हवे.

पाळी सुटल्यानंतरची एक अडचण येथे नोंदविण्यासारखी आहे. मागांच्या खडखडाटात बारा तास काढलेल्या कामगाराची श्रवणशक्ती काही काळ मंदावलेली असते. रस्त्यावर आल्यावर मागून येणाऱ्या वाहनाचा कर्णा त्याला नीट ऐकू येईलच असे नाही. पहाटे पायी किंवा सायकलवर घरी जाणाऱ्याला मालकाने एक पट्टेदार जाकीट दिले, तर कारखान्याच्या आतल्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

आयएसओ २०४७१ मध्ये दृश्य क्षेत्रफळानुसार तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात किमान ०·१४ चौ. मी. अनुस्फुरक कापड व ०·१० चौ. मी. पट्टी, दुसऱ्यात अनुक्रमे ०·५० व ०·१३ आणि तिसऱ्यात ०·८० व ०·२० चौ. मी. असावी लागते. पट्टीची रुंदी किमान ५० मिमी. असते. तिसऱ्या वर्गासाठी धड झाकून शिवाय पट्टेदार बाह्या किंवा पूर्ण लांबीची विजार लागते; नुसते बिनबाह्यांचे जाकीट कितीही भडक असले, तरी त्या वर्गात बसत नाही. गावातील सावकाश वाहतुकीत झाडणाऱ्यास दुसरा वर्ग पुरतो. ताशी ६० किमी.हून अधिक वेगाच्या रस्त्यावर बिघडलेली ट्रॉली दुरुस्त करणाऱ्यास मात्र तिसराच हवा. दुर्दैवाने अशा माणसाजवळ बहुधा कोणत्याही वर्गाचे जाकीट नसते.

रंग पार्श्वभूमीवरून ठरवावा. मानवी डोळा दिवसा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून शहराच्या करड्या रस्त्यावर तो रंग उत्तम. उसाच्या हिरव्या फडाशेजारी मात्र तो मिसळून जातो. तेथे नारिंगी उठून दिसतो. केशरी रंगाचे साधे कापड म्हणजे अनुस्फुरक नारिंगी नव्हे. बाजारात दोन्ही एकाच दराच्या आसपास व एकाच नावाने विकली जातात. पारख सोपी आहे. दुकानदाराकडील नोटा तपासण्याच्या जंबुपार दिव्याखाली अनुस्फुरक कापड झळाळते, साधे काळवंडते. पट्टीसाठी अंधाऱ्या खोलीत दहा पावलांवर जाकीट टांगावे आणि विजेरी डोळ्याच्या बाजूला कानशिलाशी धरून पहावे. खरी पट्टी तिरकी केली तरी शुभ्र उजळते; नुसते रुपेरी कापड एखाद्याच कोनात चकाकते. हीच विजेरी हात लांब करून कमरेजवळ धरली, तर खरी पट्टीही विझल्यासारखी होते. निविदा उघडण्यापूर्वी समितीच्या सभासदांनी एवढे केले, तरी बरीच वाईट खरेदी टळेल.

मापाकडे फारच दुर्लक्ष होते. पुरुषांच्या मापाची जाकिटे सफाई करणाऱ्या स्त्रियांना दिली जातात. ती साडीवर ढगळ होतात व पदर वरून घेतला की पुढची पट्टी झाकली जाते. पदर आत खोचून वरून घालता येईल असे, कुशीत बंद असलेले व गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे वस्त्र अधिक योग्य. पावसात डोक्यावरून प्लास्टिकचा कागद किंवा घोंगडे घेतले की संपूर्ण जाकीटच नाहीसे होते. म्हणून सुदृश्य रेनकोट वेगळा द्यावा लागतो. उन्हाळ्यात जाळीचे कापड सुसह्य असते. परंतु भोकांचे क्षेत्रफळ दिसण्याच्या उपयोगाचे नसल्याने जाळीदार जाकिटाचा वर्ग खूणचिठ्ठी पाहूनच ठरवावा. उकाड्याने काढून हातगाड्यावर टांगलेल्या उत्तम जाकिटापेक्षा अंगावर राहणारे मध्यम जाकीट बरे.

उन्हाने अनुस्फुरक रंग विटतो, तेल व धूळ यांनी पट्टी मंद होते. खूणचिठ्ठीवर धुण्याची कमाल संख्या दिलेली असते. ती पूर्ण होण्यापूर्वीही जाकीट निकामी होऊ शकते. दगडावर आपटणे, ब्रशने घासणे, विरंजक चूर्ण वापरणे किंवा पट्टीवरून इस्त्री फिरविणे यांमुळे मण्यांचा थर झडतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुऊन, न पिळता सावलीत वाळवावे. प्रत्येक खेपेतील एक जाकीट न वापरता कपाटात ठेवले, तर दर तीन महिन्यांनी वापरातील जाकिटे त्याच्याशेजारी धरून ताडता येतात. फरक नजरेत भरला की ती बदलून द्यावीत. जुनी जाकिटे दुसऱ्या कामगाराला न देता पुसण्याच्या फडक्यांत टाकावीत.