कर्करोगावरील इम्युनोथेरपी : आशा कोणाला, किती आणि कोणत्या मोलाने?

कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांचे नातेवाईक अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारतात : ‘ते नवे इम्युनोथेरपीचे इंजेक्शन आमच्या रुग्णाला देता येईल का?’ या प्रश्नामागे मोठी आशा असते आणि पुष्कळदा जमीन वा दागिने विकण्याची तयारीही असते. अशा वेळी अर्धवट माहिती ही रोगाइतकीच घातक ठरू शकते. म्हणून या उपचाराचे स्वरूप, सामर्थ्य आणि मर्यादा आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे साध्या शब्दांत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूळ कल्पना

शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर मात करू शकेल, ही कल्पना नवी नाही. धावरे या जिवाणुजन्य त्वचारोगाने आजारी पडलेल्या एका रुग्णाची कर्कगाठ नाहीशी झाल्याची नोंद न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांच्या वाचनात आली आणि १८९१ मध्ये त्यांनी कर्करुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचण्याचे प्रयोग सुरू केले. काही रुग्णांना गुण आला, अनेकांना आला नाही. का आला आणि का नाही, हे सांगण्याइतके ज्ञान त्या काळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे पुढे क्ष-किरण व औषधोपचार प्रचारात आल्यावर ही वाट मागे पडली.

उत्तर मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. आपल्या रक्तात ‘टी पेशी’ नावाच्या श्वेतपेशी असतात. परक्या वा बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करणे हे त्यांचे काम. या पेशींनी स्वतःच्याच शरीरावर उलटू नये, म्हणून निसर्गाने त्यांच्या पृष्ठभागावर काही प्रथिने ठेवली आहेत. ती मोटारीच्या ब्रेकप्रमाणे काम करतात. कर्कपेशी याच ब्रेकचा फायदा घेतात आणि टी पेशी शेजारी असूनही त्या निर्धास्त वाढत राहतात.

यांपैकी ‘सीटीएलए-४’ हा ब्रेक सोडविल्यास उंदरांतील कर्कगाठी विरघळतात, हे अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवून दिले. ‘पीडी-१’ हे दुसरे प्रथिन जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडले होते. या दोघांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इम्युनोथेरपीची ही औषधे म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी टॉनिके’ नव्हेत. ब्रेक लागलेल्या गाडीत कितीही इंधन भरले तरी ती पुढे सरकत नाही. ही औषधे तो ब्रेक सोडवितात. बाजारातील कोणताही काढा वा चूर्ण हे कार्य करीत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

मेलॅनोमापासून सुरुवात

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो बराच आढळतो. तो शरीरात पसरल्यावर बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. उन्हातील अतिनील किरणांमुळे या कर्कपेशींच्या जनुकांत असंख्य बदल होतात. त्यामुळे त्या टी पेशींना अधिक ‘परक्या’ दिसतात. नव्या औषधांची पहिली मोठी कसोटी याच रोगावर झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

‘इपिलिमुमॅब’ हे सीटीएलए-४ रोखणारे औषध मार्च २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०१४ मध्ये पीडी-१ रोखणारी ‘पेम्ब्रोलिझुमॅब’ व ‘निवोलुमॅब’ ही औषधे आली. पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना इपिलिमुमॅब व निवोलुमॅब एकत्र देण्याच्या एका मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनंतरही त्या गटातील ४३ टक्के रुग्ण हयात होते. एका पिढीपूर्वी हा आकडा कोणासही खरा वाटला नसता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृत व मेंदूपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार व पेम्ब्रोलिझुमॅब यांनंतर ते आणखी नऊ वर्षे जगले आणि डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले.

मात्र त्याच अभ्यासातील निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपर्यंत जगू शकले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

भारतात मेलॅनोमा विरळा आहे. तो झालाच तर पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि इम्युनोथेरपीला तो तुलनेने कमी दाद देतो. तळपायावरील काळा डाग वाढत वा बदलत असेल, तर तो वेळीच दाखवून काढून घेणे हाच सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय होय.

इतर कर्करोगांत कोणाला उपयोग?

फुप्फुस, मूत्रपिंड, मूत्राशय, तोंड व घसा यांच्या काही कर्करोगांतही ही औषधे आता वापरली जातात. काही कर्कपेशींत जनुकांतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. अशा गाठी कोणत्याही अवयवातील असल्या तरी त्यांवर पेम्ब्रोलिझुमॅब वापरण्यास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. न्यूयॉर्कमधील एका लहान अभ्यासात हाच दोष असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांना ‘डोस्टार्लिमॅब’ दिले गेले. शस्त्रक्रिया व किरणोपचारांशिवाय त्या सर्वांच्या गाठी दिसेनाशा झाल्या, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. परंतु गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम पाच ते दहा जणांतच हा दोष असतो.

म्हणूनच ‘इम्युनोथेरपी द्यावी का?’ या प्रश्नाआधी ‘या गाठीची योग्य तपासणी झाली का?’ हा प्रश्न विचारावयास हवा. बायॉप्सीच्या तुकड्यावरील योग्य चाचणी एखाद्या कुटुंबाला उपचाराचा मार्ग दाखवते, तर दुसऱ्या कुटुंबाला निष्फळ खर्चापासून वाचवते.

ब्रेक सोडण्याची जोखीम

ब्रेक सुटलेल्या टी पेशी निरोगी अवयवांवरही हल्ला करू शकतात. आतडे, त्वचा, यकृत, फुप्फुसे, थायरॉइड ग्रंथी आणि क्वचित हृदय यांना सूज येते. वर उल्लेखिलेल्या दोन औषधांच्या एकत्रित उपचारात दर दहांपैकी सुमारे सहा रुग्णांना गंभीर स्वरूपाचे दुष्परिणाम झाले होते. हे दुष्परिणाम उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. वेळीच स्टेरॉइड औषधे दिल्यास बहुतेक आटोक्यात येतात, परंतु उशीर झाल्यास जिवावर बेतू शकते.

यास्तव कुटुंबीयांना आमचे आग्रहाचे सांगणे असे, की अशा रुग्णाला जुलाब, धाप, तीव्र थकवा किंवा कावीळ जाणवल्यास घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास ‘रुग्णाला इम्युनोथेरपी दिलेली आहे’ हे वाक्य सर्वप्रथम सांगावे.

खर्चाचा प्रश्न आणि मुंबईतील संशोधन

पूर्ण मात्रेत वर्षभर उपचार घ्यावयाचे झाल्यास खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांसाठी हे औषध अस्तित्वात असून नसल्यासारखे आहे. या प्रश्नावर आपल्याच मातीत झालेले संशोधन आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

सुरुवातीच्या अभ्यासांत असे दिसले होते, की अल्प मात्रेतील निवोलुमॅबही टी पेशींवरील बहुतांश पीडी-१ व्यापून टाकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी याचाच पाठपुरावा केला. डोके व मान भागातील, पूर्ण बरा होण्याची शक्यता नसलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना तोंडावाटे घ्यावयाची तीन तुलनेने स्वस्त औषधे दिली गेली. एका गटाला त्याखेरीज दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब मिळाले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० ऐवजी अवघे ४० मिलिग्रॅम, जवळजवळ अठरावा हिस्सा! वर्षअखेरीस नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, तर निवोलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. गंभीर दुष्परिणामही वाढले नाहीत.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. अल्प मात्रा ही पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही, कारण तशी तुलना त्यात नव्हती. मात्र ज्याला पूर्ण मात्रा परवडणारच नाही, त्याच्यासाठी ‘काहीच नाही’ हे एकमेव उत्तर उरत नाही, एवढे त्याने निश्चित दाखविले.

दुसरे उदाहरण रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या काही कर्करोगांवरील ‘नेक्सकार१९’ या उपचाराचे. यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखणारे जनुक देऊन पुन्हा शरीरात सोडल्या जातात. पवई येथील आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशातील तत्सम उपचारांच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला आहे. तरीही तो सामान्य कुटुंबाला परवडेल असे म्हणता येत नाही.

आपण काय करू शकतो?

आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाला नवे औषध शोधता येणार नाही. परंतु योग्य तपासणी, खरा सल्ला आणि उपचारानंतरची जागरूक देखरेख या तीन गोष्टी आम्ही देऊ शकतो, देणगीदारांच्या साहाय्याने वाढवूही शकतो. एखाद्या गरजू रुग्णाच्या गाठीच्या चाचणीसाठी दिलेली देणगी दिसावयास लहान असली, तरी त्याच्या कुटुंबाचा पुढचा सारा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. आणि ज्याला हा उपचार लागू पडणार नाही, त्याच्या कुटुंबाला ते स्पष्ट पण मायेने सांगणे, वेदना कमी करण्याचे उपचार देणे आणि त्यांची जमीन त्यांच्याकडेच राहू देणे, हीदेखील रुग्णसेवाच होय, असे आम्ही मानतो.

तोंड व घशाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण असलेली तंबाखू, मिस्री व गुटखा यांपासून घरातील एका व्यक्तीला जरी आपण परावृत्त केले, तरी या लेखात वर्णिलेल्या कोणत्याही औषधाहून ते अधिक परिणामकारक ठरेल.