टेन-सिक्स्टी की फाइव्ह-एटी?

‘सायबरपंक २०७७’ हा गेम डिसेंबर २०२०मध्ये आला, तेव्हा तो नीट खेळता यावा म्हणून निर्मात्यांनी ज्या ग्राफिक्स कार्डांची शिफारस केली होती, त्यांत जीटीएक्स १०६० होतं. ६ जीबी मेमरीचं. २०२३मध्ये त्याच गेमसाठीची यादी नव्याने जाहीर झाली. शिफारशीच्या रकान्यातलं हे कार्ड आता ‘किमान’च्या रकान्यात उतरलं होतं आणि त्याच्या शेजारी आरएक्स ५८० हे ८ जीबीचं कार्ड येऊन बसलं होतं. ‘एल्डन रिंग’च्या किमान यादीतही हीच जोडी आहे, फक्त कमी मेमरीची. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या शिफारशीत १०६० आहे आणि त्याच्या जोडीला ५८०चा थोरला भाऊ आरएक्स ४८०. वर्षानुवर्षं गेम बनवणाऱ्यांनी ही दोन नावं एकमेकांच्या बाजूला लिहिली. आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड कार्ड शोधणाऱ्या मुलासमोर बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो: टेन-सिक्स्टी घ्यायचं की फाइव्ह-एटी?

ग्राफिक्स कार्डाचं काम थोडक्यात असं. पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र ते सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवतं. सेकंदाला ६० चित्रं झाली तर हालचाल लोण्यासारखी वाटते, ३०च्या खाली गेली की डोळ्यांना खुपू लागते. हे चित्र म्हणजे फ्रेम. कार्ड किती फ्रेम देतं यावर त्याची किंमत ठरते, निदान नवं असताना तरी.

नवी असताना ही दोन्ही कार्डं मध्यमवर्गासाठीच होती. एएमडीचं आरएक्स ४८० आलं २९ जून २०१६ला. एनव्हिडियाने तीन आठवड्यांच्या आत, १९ जुलैला, १०६०ने उत्तर दिलं. ४८०चं ८ जीबीचं रूप २३९ डॉलरला होतं, १०६० मिळत होतं २४९ला. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला एएमडीने तीच ‘पोलारिस’ चिप आणखी वेगाने पळवली, तिला ५८० असं नाव दिलं आणि किंमत २२९ डॉलर ठेवली. पोलारिस म्हणजे ध्रुवतारा. एएमडीच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख त्या वेळी राजा कोडुरी होते, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले. समोरच्या चिपचं नाव ‘पास्कल’, सतराव्या शतकात बेरजा-वजाबाक्या करणारं यंत्र बनवणाऱ्या फ्रेंच गणितज्ञावरून ठेवलेलं.

कागदावर पाहिलं तर या लढतीत दम नाही. ५८०मध्ये २,३०४ गणक, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे घटक आहेत, १०६०मध्ये १,२८०. एका सेकंदात किती आकडेमोड होऊ शकते याचा हिशेब केला तर ५८० सुमारे ४० टक्क्यांनी पुढे निघतं. मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा रस्ताही त्याचाच रुंद: सेकंदाला २५६ जीबी, तर १०६०चा १९२. तरीही प्रत्यक्ष गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीने पळत होती. आणि ४८०च्या काळात तर बऱ्याच गेममध्ये १०६०च पुढे होतं.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या वेळचे बहुतेक गेम डायरेक्टएक्स ११ या जुन्या पद्धतीवर लिहिलेले होते. तिच्यात गेम आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर मुकादमासारखं उभं असतं. कोणतं काम कधी आणि कोणाला द्यायचं ते तोच ठरवतो. एनव्हिडियाचा मुकादम चलाख होता, आपली माणसं सतत कामाला जुंपून ठेवायचा. एएमडीकडे माणसं जास्त, पण त्यांतली बरीच पुढच्या कामाची वाट पाहत बसलेली असायची.

मग जुलै २०१६मध्ये ‘डूम’ या गेमला व्हल्कन ही नवी पद्धत मिळाली. व्हल्कनमध्ये मुकादमाचा बराचसा अधिकार गेम लिहिणाऱ्याच्या हाती जातो आणि एकाच वेळी अनेक प्रकारची कामं कार्डावर सोडता येतात. ‘डूम’मध्ये एएमडीच्या कार्डांनी एकदम उसळी घेतली. कार्ड तेच होतं, त्यातला एक स्क्रूसुद्धा कोणी हलवला नव्हता. नंतरच्या वर्षांत डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनवरचे गेम जसजसे वाढले, तसतसं ५८०चं पारडं हळूहळू जड होत गेलं. जुने गेम खेळणाऱ्याला आजही १०६० सरस वाटू शकतं, नवे खेळणाऱ्याला ५८०. म्हणून ‘कोणतं वेगवान’ या प्रश्नाला ‘काय खेळणार’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

दुसरा फरक मेमरीचा, आणि काळ गेला तसा तोच मोठा ठरला. गेममधल्या भिंतीचा गिलावा, कपड्याची वीण, चेहऱ्यावरची सुरकुती ही सगळी चित्रं कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखंच हे. डबे ओट्यावर मावले तर हात झरझर चालतो. मावले नाहीत तर काही माळ्यावर टाकावे लागतात आणि फोडणी तडतडत असताना स्टुलावर चढून डबा काढावा लागतो. कार्डाचा ओटा भरला की ते संगणकाच्या साध्या रॅममध्ये शोधाशोध करतं आणि खेळ मध्येच अडखळतो. काही गेम अडखळण्याऐवजी गुपचूप चित्रांचा दर्जा उतरवतात. फ्रेमचा आकडा छान दिसतो, पण भिंती धुरकट होतात. २०१६मध्ये ६ जीबी भरपूर वाटायची. आज ६ आणि ८ यांच्यातल्या त्या दोन जीबींमुळे ५८०वर चित्रांचा दर्जा एक पायरी वर ठेवता येतो.

मेमरीचा विषय निघाला की नावांचा घोळ आलाच, आणि इथे साध्या ग्राहकावर सरळ अन्याय झाला आहे. ऑगस्ट २०१६मध्ये १०६०चं ३ जीबीचं रूप आलं. मेमरी निम्मी असेल असं नावावरून कळतं. पण त्यात गणकही १,२८०ऐवजी १,१५२च आहेत, हे खोक्यावर ठळकपणे कोण सांगणार? ५८०च्या बाबतीतही तेच घडलं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या बाजारात २,०४८ गणकांचं ५८० उतरवलं गेलं. ते खरं म्हणजे खालच्या पायरीवरचं ५७०च. आज नव्या कोऱ्या खोक्यात, अगदी स्वस्तात ‘५८०’ दिसलं तर ते बहुधा हे असतं. ते टाकाऊ नाही, पण किंमत ५७०ची द्यावी. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर गणकांची संख्या दाखवतं. तिथे २३०४ वाचायला मिळालं तरच ते अस्सल ५८०. हेच सॉफ्टवेअर आणखी एक फसवणूक पकडतं: एनव्हिडियाच्या फार जुन्या कार्डात खोटी माहिती भरून ते १०००च्या मालिकेतलं आहे असं भासवणारी कार्डं बाजारात फिरली आहेत.

पण सेकंडहँड ५८०ची खरी कहाणी गेमिंगच्या बाहेर घडली. इथेरियम हे आभासी चलन ‘खणण्याचं’ गणित असं होतं की त्याला गणकांपेक्षा मेमरीचा रुंद रस्ता जास्त लागायचा. ५८० नेमकं तिथेच दणकट. २०१७मध्ये मायनिंगची लाट आली आणि खेळण्यासाठी बनवलेली कार्डं रॅकवर सहा-सहा, आठ-आठच्या रांगेत दिवसरात्र चालू लागली. दुकानांतून ती गायब झाली, किमती चढल्या. २०१८मध्ये लाट ओसरली, २०२०च्या अखेरीला पुन्हा उठली. इथेरियम खणताना मेमरीत एक मोठी फाइल सतत ठेवावी लागते आणि ती दर काही दिवसांनी थोडी वाढते. २०२०च्या शेवटी ती ४ जीबीच्या पलीकडे गेली, तेव्हा ४ जीबीची कार्डं त्या धंद्यातून बाद झाली. ८ जीबीची मात्र राबत राहिली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खणण्याची पद्धतच बंद केली आणि राबून थकलेली असंख्य कार्डं जगभरच्या सेकंडहँड बाजारात आली. १०६०ही खाणीत उतरलं होतं, पण ५८०इतकं नाही.

‘मायनिंगचं कार्ड’ म्हटलं की अनेकजण हात झटकतात. तेवढं घाबरण्याचं कारण नाही. जाणकार मायनर वीज वाचवण्यासाठी चिपला कमी व्होल्टेजवर चालवत असे आणि तिचं तापमान दिवसभर साधारण एकसारखं राहत असे. तापणं-थंड होणं, तापणं-थंड होणं या चक्रापेक्षा चिपला ते कमी जाचक. झिजतात ते पंखे. वाळतात ते थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड. या गोष्टी बदलता येतात आणि फार महागही नसतात. खरी मेख बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असते. मेमरीचा वेग ताणण्यासाठी अनेकांनी कार्डाचा मूळ बायोस बदललेला असतो. अशा कार्डावर विंडोज छान उघडते, पण गेम अर्ध्या तासाने कोसळतो. काही ५८० कार्डांच्या कडेला दोन बायोसमध्ये अदलाबदल करणारं बारीक बटण असतं, तिथे मूळ बायोसवर परत येणं क्षणाचं काम. म्हणून दुकानात पडद्यावर चित्र आलं एवढ्यावर समाधान मानू नये. वीस-पंचवीस मिनिटं एखादा जड गेम चालवून पाहायला सांगावं, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहावा आणि किमान आठवड्याची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी. ‘चेक करून दिलंय’ या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

विजेचा हिशेबही करायला हवा. १०६०ची भूक १२० वॉटची, ५८०ची १८५. फरक ६५ वॉटचा. रोज चार तास भरभरून खेळलं तर वर्षाला साधारण ९५ युनिट जास्त जळतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेनऊशे रुपये. दोन वर्षं कार्ड वापरायचं असेल तर हा खर्च ५८०च्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. याहून महत्त्वाचा प्रश्न एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. एनव्हिडियाने १०६०साठी ४०० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता, एएमडीने ५८०साठी ५००चा. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० छापलेलं असलं तरी तो तेवढं देईलच असं नाही. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस नव्याने घ्यावा लागणार असेल, तर स्वस्त ५८० महाग पडतं. आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, त्या जादा ६५ वॉटची उष्णता खेळणाऱ्याच्या अंगावरच येते.

खेळाशिवाय दुसरं काम असेल तर पारडं पुन्हा फिरतं. ब्लेंडरमध्ये थ्रीडी चित्रं बनवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ५८० घेऊ नये. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ब्लेंडरचं सायकल्स इंजिन हे कार्ड वापरतच नाही. खेळता खेळता थेट प्रक्षेपण करणाऱ्यालाही १०६०चं व्हिडिओ एन्कोडिंग अधिक स्वच्छ मिळतं.

दोघांचं वय आता ड्रायव्हरमध्ये दिसतं. एएमडीने २०२३च्या अखेरीस पोलारिसचे ड्रायव्हर मुख्य रांगेतून काढून वेगळ्या, संथ रांगेत टाकले. एनव्हिडियाने पास्कलसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंत दिले. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेची डागडुजी मिळेल. त्या शेवटच्या ड्रायव्हर-शाखेचा क्रमांक योगायोगाने ५८० आहे. लिनक्सवर मात्र एएमडीच्या कार्डाचं नशीब वेगळं. तिथले ड्रायव्हर खुले आहेत, जगभरचे लोक ते मिळून लिहितात, आणि त्यामुळे ५८०ला तिथे अजून ताजी सुधारणा मिळते. लिनक्सवर खेळायची तयारी असलेल्याने ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

काही दारं मात्र दोघांनाही बंद झाली आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ यांना प्रकाशकिरणांचं गणित करणारी खास यंत्रणा चिपमध्येच लागते. ती या दोघांतही नाही, आणि कोणतंही सेटिंग खाली करून ती येणार नाही. ज्या ‘डूम’ने २०१६मध्ये एएमडीला हात दिला, त्याच मालिकेने २०२५मध्ये दोघांनाही दाराबाहेर ठेवलं. पण ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘जीटीए ५’, ‘एल्डन रिंग’ ही यादी लहान नाही, आणि १०८०पीच्या पडद्यावर, गरज पडेल तिथे सेटिंग उतरवून, दोन्ही कार्डं हे गेम चालवतात. शिवाय एएमडीने २०२१मध्ये आणलेलं एफएसआर हे लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र १०६०वरही चालतं. प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डाचं आयुष्य वाढवण्याचं असं उदाहरण या धंद्यात विरळाच.

मग घ्यायचं कोणतं? फक्त खेळायचं असेल, एसएमपीएस दमदार असेल आणि समोर २,३०४ गणकांचं, मूळ बायोसचं, ८ जीबीचं ५८० असेल, तर तेच घ्यावं. १०६०च्या बरोबरीच्या भावातसुद्धा. एसएमपीएस जेमतेम असेल किंवा ब्लेंडर शिकायचं असेल तर ६ जीबीचं १०६०. ३ जीबीचं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. आणि दोन्हींचा भाव सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपरच्या जवळ जाऊ लागला तर सौदा तिथेच सोडावा. १६६० सुपर २०१९चं, मेमरी ६ जीबीचीच पण कितीतरी वेगवान, भूक १२५ वॉटची, आणि त्याला नव्या गेमचे ड्रायव्हर मिळणं पास्कलबरोबर थांबलेलं नाही.

ज्यांच्या कॅबिनेटमध्ये ५८० आधीपासून आहे, त्यांनी एका रविवारी तासभर काढावा. चार स्क्रू खोलून जुनी पेस्ट पुसावी, नवी लावावी, पंख्यांतली धूळ काढावी. मग एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून चिपचा व्होल्टेज थोडाथोडा उतरवत न्यावा आणि दर पायरीला गेम चालवून पाहावा. बहुतेक कार्डं फ्रेम न गमावता काही वॉट सोडून देतात आणि पंख्याची घरघर खालच्या सुरात येते.